चूक विद्यापीठाची, भुर्दंड विद्यार्थ्याला का?

पांथस्थ

विद्यापीठाकडून चूक झाली की तिची किंमत कोण मोजतं, एवढ्या एका प्रश्नासाठी हा धागा काढतो आहे. माझी सगळी नोकरी एका तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयाच्या कार्यालयात गेली. परीक्षा अर्ज, पात्रता प्रमाणपत्रं, हॉल तिकिटं, गुणपत्रिकांचं वाटप हीच कामं. विद्यापीठाचा कारभार मुलांपर्यंत कसा पोहोचतो ते खिडकीच्या आतल्या बाजूने रोज पाहिलं.

मुंबई विद्यापीठातला २०१७ सालचा निकालांचा गोंधळ बहुतेकांना आठवत असेल. उन्हाळी परीक्षांचा हंगाम चालू असताना सगळ्या शाखांच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायच्या असं ठरलं. ४७७ परीक्षा, १७ लाखांहून अधिक उत्तरपत्रिका. टप्प्याटप्प्याने जावं, प्राध्यापकांचा हात बसू द्यावा, हे ध्यानात घेतलं गेलं नाही. कायद्याने निकाल ३० दिवसांत लावायचा असतो, फार तर ४५ दिवसांत. राज्यपालांनी कुलपती या नात्याने ३१ जुलैची मुदत दिली. तपासणीसाठी महाविद्यालयांतले तास बंद ठेवले गेले, राज्यातल्या इतर विद्यापीठांतून प्राध्यापकांची मदत घेतली गेली. तरी मुदत हुकली, नंतरच्या तारखाही हुकल्या आणि सप्टेंबर उजाडला. २४ ऑक्टोबरला कुलगुरू डॉ. संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आलं.

कुलगुरू गेले, म्हणजे न्याय झाला, असं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. परदेशातला प्रवेश ज्याच्या हातून गेला, नोकरीवर रुजू होताना ज्याला गुणपत्रिका दाखवता आली नाही, त्याचं नुकसान कुलगुरूंच्या जाण्याने भरून येत नाही. ज्यांच्या उत्तरपत्रिका सापडल्याच नाहीत त्यांना सरासरी गुण द्यायची वेळ आली. वर्षभर अभ्यास करून आलेल्या मुलाला सरासरी गुण देणं म्हणजे तू काय लिहिलंस ते आम्ही वाचलंच नाही, हे त्याला लेखी कळवणं.

असे मोठे घोळ वर्तमानपत्रात येतात. छोटे येत नाहीत, आणि ते दर सत्राला होतात. आमच्याकडे एक मुलगी आली होती, तिन्ही वर्षं वर्गात पहिली. एका विषयात निकालपत्रावर ‘गैरहजर’. पेपर तिने दिलेला, हजेरीपटावर तिची सही, उत्तरपत्रिकेचा क्रमांक तिच्या नावापुढे. हे सगळं आमच्याच कपाटात होतं आणि त्याची प्रत विद्यापीठाकडेही गेलेली होती. तरीसुद्धा आपण हजर होतो हे तिलाच सिद्ध करावं लागलं. तिने अर्ज करायचा, प्राचार्यांचं पत्र घ्यायचं, हजेरीपटाची साक्षांकित प्रत जोडायची, एसटीने विद्यापीठात जायचं, तिथे ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ ऐकून परत यायचं. तोवर पदव्युत्तर प्रवेशाची पहिली यादी लागून गेली. दुरुस्त गुणपत्रिका आली तेव्हा तिच्यासोबत एका ओळीचं पत्रही नव्हतं. शेवटी तिने बाहेरून एम.ए. केलं.

चुका होणारच. लाखो कागद हाताळताना कुणाकडूनही होतील. पण चूक ज्याची, धावपळही त्याची असायला हवी. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं आणि ते इतकं अंगवळणी पडलं आहे की त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. तुमचे अनुभव लिहा. शक्यतो संस्थेचं नाव न घेता, म्हणजे चर्चा भरकटणार नाही.

दीपाली_नाशिक

काका, आमचं चालूच आहे, म्हणून लगेच लिहिते. मुलीने एका खासगी विद्यापीठात प्रवेश घेतला, पहिल्या सत्राची फी भरली. नंतर सरकारी महाविद्यालयात नंबर लागला. प्रवेश रद्द करायला गेलो तर समुपदेशक म्हणवणाऱ्या बाईंनी शांतपणे सांगितलं, ‘चारही वर्षांची फी भरा, मग मूळ कागदपत्रं मिळतील.’ बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, सगळं त्यांच्या फाइलमध्ये. ती निळी फाइल टेबलावर आमच्यासमोर उघडी होती. मुलीने हात पुढे केला तशी त्यांनी ती मिटून खणात ठेवली. सरकारी महाविद्यालयात कागदपत्रं दाखवायला तीनच दिवस होते. माझ्या मुलीला त्या दिवशी पहिल्यांदा एवढं रडताना पाहिलं.

अ‍ॅड_कुलकर्णी

दीपालीताई, हे सरळसरळ नियमाविरुद्ध आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाची ऑक्टोबर २०१८ची अधिसूचना आहे. मूळ कागदपत्रं प्रवेशाच्या वेळी पडताळून तिथल्या तिथे परत द्यायची, संस्थेने स्वतःकडे ठेवायची नाहीत. पुढच्या सत्रांची फी आगाऊ मागणंही चालत नाही. प्रवेशाच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याआधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत मिळते, प्रक्रिया खर्च म्हणून ५ टक्के आणि तेही ५००० रुपयांपर्यंतच कापता येतात. तारखेच्या आधीच्या १५ दिवसांत ९० टक्के, तारखेनंतरच्या १५ दिवसांत ८० टक्के, त्यापुढे ३० व्या दिवसापर्यंत ५० टक्के. त्यानंतर काही नाही. तुम्ही रद्द करण्याचा अर्ज कुठल्या तारखेला दिलात त्यावर सगळं आहे. तोंडी दिला असेल तर आजच्या आज ईमेल करा.

बांधावरून

थोडी दुसरी बाजू मांडतो. मी एका विद्यापीठाच्या परीक्षा विभागात सहायक कुलसचिव होतो. इथे वाचणाऱ्याला वाटेल की तिथे बसलेली माणसं दुष्ट आहेत. तसं नाही. एकेका विद्यापीठाला शेकडो महाविद्यालयं संलग्न, मुंबईला तर सातशेहून अधिक. मंजूर पदं भरली जात नाहीत, अर्धा विभाग कंत्राटी मुलांवर चालतो, त्यांना वर्षभरात काम कळतं आणि तोवर कंत्राट संपतं. अंतर्गत गुण महाविद्यालयं शेवटच्या तारखेनंतर पाठवतात, त्यातही आसन क्रमांक चुकवतात. विद्यार्थी विषयाचा कोड चुकीचा भरतात. ‘निकाल राखीव’ दिसला की शिव्या विद्यापीठाला, पण दहातल्या कितीतरी प्रकरणांत महाविद्यालयाने गुणच चढवलेले नसतात. पांथस्थ, तुम्ही कार्यालयात होतात, हे तुम्हाला ठाऊक असेल.

पांथस्थ

ठाऊक आहे आणि ते खरंच आहे. आमच्या शेजारच्या महाविद्यालयाने एका वर्गाचे प्रात्यक्षिकाचे गुण पाठवायचेच ठेवले होते. पण मुलाच्या बाजूने बघा. त्याने परीक्षा शुल्क भरलं, पेपर दिला, प्रात्यक्षिक दिलं. त्याचं काम तिथे संपलं. गुण महाविद्यालयाकडे अडकले की विद्यापीठाकडे, हे शोधायला त्याला का पाठवायचं? तुमच्या संगणकावर दिसतं ना कुणाचे गुण आले नाहीत? मग विद्यापीठाने महाविद्यालयाच्या मागे लागावं. संलग्नता देणारे तुम्ही, ती काढून घेऊ शकणारेही तुम्ही. मुलाच्या हातात यातलं काहीच नाही.

बांधावरून

दिसतं. यादी रोज निघायची. ती महाविद्यालयाला पाठवायची पद्धत आमच्याकडे नव्हती, विद्यार्थी येईल तेव्हा बघू अशी होती. हे मान्य करायला हवं.

लाल_शाई

मी पडद्यावर उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. कुठल्या विद्यापीठाच्या ते लिहीत नाही, पद्धत सगळीकडे साधारण तीच.

प्रयोगशाळेत रांगेने संगणक लावलेले. आपलं नाव घालून शिरलं की मोबाइलवर आकडा येतो, तो टाकला की उत्तरपत्रिका उघडते. डावीकडे स्कॅन केलेलं पान, उजवीकडे प्रश्नवार गुणांचे चौकोन. प्रत्येक पानावर खूण केल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कोऱ्या पानावरसुद्धा. हे चांगलं आहे. बेरीज यंत्र करतं, त्यामुळे बेरजेची चूक नाही. पुठ्ठ्यावरचा क्रमांक लपवलेला, त्यामुळे कुणाची उत्तरपत्रिका ते कळत नाही. नीट राबवली तर या पद्धतीत मुलांचं भलंच आहे, हे मी आजही म्हणेन.

एका दुपारी अर्थशास्त्राची एक उत्तरपत्रिका उघडली. मुलाने पहिल्या पानावर पुरवण्या २ असं लिहिलेलं. शेवटच्या पानावर मागणीच्या लवचिकतेची व्याख्या, आकृतीचे अक्ष काढलेले, ‘खालील आकृतीवरून असे दिसते की’ इथे पान संपलं. पुढे काही नाही. पुरवण्या स्कॅनच झाल्या नव्हत्या. मी उत्तरपत्रिका परत पाठवायची कळ दाबली आणि कारण लिहिलं. थोड्या वेळाने समन्वयकांचा निरोप आला, आहे त्यावर गुण द्या, संख्या पूर्ण करायची आहे. भिंतीवर प्रत्येक परीक्षकापुढे दिवसाची संख्या लावलेली असायची. मी गुण द्यायचं नाकारलं आणि तसं लेखी दिलं. पुढे ती उत्तरपत्रिका दुसऱ्या कुणाकडे गेली का, पुरवण्या मिळाल्या का, याचा पत्ता मला शेवटपर्यंत लागला नाही. त्या मुलाला तर असं काही घडलं हेही कळलं नसेल. त्याने फार तर एवढंच धरलं असेल की आपण नापास झालो, अभ्यास कमी पडला.

मला सगळ्यात जास्त बोचतं ते हेच. विद्यापीठाला चूक माहीत असते आणि विद्यार्थ्याला माहीत नसते. तो पुनर्मूल्यांकनाचे पैसे भरेल तेव्हा बघू, हा विचार मला अप्रामाणिक वाटतो. नगरपालिकेला नळाचं पाणी दूषित असल्याचं कळलं आणि कुणी तक्रार करेपर्यंत ती गप्प बसली, तर आपण तिला काय म्हणू?

खडूफळा

उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांबद्दल कुणीतरी लिहायलाच हवं. मी नेट, सेट, पीएचडी, आणि तासिका तत्त्वावर. सीएचबी म्हणतात आम्हाला. नियुक्तीपत्र सत्रापुरतं, दरवर्षी नवी मुलाखत. जूनमध्ये शिकवायला लागलो तरी मंजुरी येईपर्यंत मानधन नाही, मग एकदम कधीतरी जमा होतं. दिवाळीला घरी काय सांगायचं? तासाला पैसे, त्यामुळे परीक्षेच्या सुट्ट्यांत, मेमध्ये शून्य. अनुदान आयोगाने २०१९ मध्ये अतिथी प्राध्यापकांना तासाला १५०० रुपये आणि महिन्याला ५०,००० पर्यंत मानधन द्यावं असं सांगितलं. माझ्या हातात पडतं ते याच्या आसपासही नाही. पण महाविद्यालयाचा दर्जा तपासणारी नॅकची समिती आली की मी ‘आमचे प्राध्यापक’ असतो, फोटोतही असतो.

विषय बदलायचा म्हणून हे लिहीत नाही. चूक दिसली तर लाल_शाई सरांनी लेखी दिलं, कारण ते कायम आहेत. मी दिलं असतं तर पुढच्या जूनमध्ये मुलाखतीला बोलावणं आलं असतं का? प्राध्यापकांनी खरं बोलावं असं वाटत असेल तर खरं बोलल्यावर त्यांचं पोट सुरक्षित राहील अशी सोयही विद्यापीठाने करायला हवी.

लाल_शाई

खडूफळा, तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. माझ्या शेजारच्या संगणकावर सीएचबीचे एक सर होते. त्यांनाही तशीच अर्धी उत्तरपत्रिका आली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि गुण भरले. मी त्यांना दोष देत नाही.

ऐरोली_ते_लीड्स

इंग्लंडमधलं थोडं सांगतो, तुलनेला उपयोगी पडेल. २०२३ मध्ये इथल्या प्राध्यापकांच्या संघटनेने पगार आणि कंत्राटी नेमणुकांच्या प्रश्नावर पेपर तपासण्यावर बहिष्कार टाकला होता. एप्रिल ते सप्टेंबर. अनेक मुलांचा पदवीदान समारंभ झाला, पण हातात श्रेणी नव्हती. त्यात आपल्याकडची मराठी मुलंही होती. शिकून झाल्यावर इथे राहायचा व्हिसा निकालावर अवलंबून, त्यामुळे त्यांचे जीव टांगणीला लागले होते. म्हणजे इथे सगळं आलबेल आहे असं नाही, आणि खडूफळा यांचा प्रश्न इथेही आहे.

फरक पडतो तो पुढे. इंग्लंड आणि वेल्ससाठी २००४ च्या कायद्याने नेमलेलं एक स्वतंत्र तक्रार कार्यालय आहे, विद्यापीठांच्या बाहेरचं. विद्यार्थ्याला शुल्क नाही. विद्यापीठाची अंतर्गत प्रक्रिया संपली की ‘आमच्याकडचं संपलं’ असं पत्र विद्यापीठाला द्यावंच लागतं, आणि ते हातात पडलं की विद्यार्थी १२ महिन्यांत तिकडे जाऊ शकतो. ते कार्यालय पैशाच्या रूपाने भरपाईची शिफारसही करतं. बहिष्काराच्या तक्रारीही तिथे गेल्या. ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ याला काही अर्थ उरत नाही, कारण पत्र दिलं नाही तर तीच तक्रार होते.

अ‍ॅड_कुलकर्णी

हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण आपल्याकडे विद्यार्थ्याला ग्राहक म्हणून दाद मागता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये बिहारच्या परीक्षा मंडळाच्या आणि २०१० मध्ये महर्षी दयानंद विद्यापीठाच्या प्रकरणात सांगितलं की परीक्षा घेणं ही ग्राहक कायद्यातली ‘सेवा’ नाही. न्यायालयाचं तर्कशास्त्र मला समजतं, परीक्षा हे सार्वजनिक काम आहे. पण परिणाम असा की मिक्सर बिघडला तर ग्राहक आयोग, आणि उत्तरपत्रिका हरवली तर थेट उच्च न्यायालयात रिट याचिका. ती सगळ्यांना परवडत नाही.

दोन गोष्टी मात्र हातात आहेत. पहिली, माहिती अधिकार. ९ ऑगस्ट २०११ च्या आदित्य बंदोपाध्याय निकालाने आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा आणि तिची प्रत घेण्याचा अधिकार मान्य झाला. फेरतपासणी मात्र या कायद्याखाली मागता येत नाही. दुसरी, अनुदान आयोगाचे २०२३ चे विद्यार्थी तक्रार निवारण विनियम. प्रत्येक संस्थेत समिती, तिने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा. समाधान झालं नाही तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील. लोकपाल म्हणजे निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश. बऱ्याच विद्यापीठांनी लोकपाल नेमलाच नाही म्हणून २०२४ मध्ये आयोगाला अशा विद्यापीठांच्या याद्या जाहीर कराव्या लागल्या. आपल्या विद्यापीठाचा लोकपाल कोण आहे ते संकेतस्थळावर शोधा. सापडला नाही तर तीच पहिली तक्रार.

बांधावरून

लोकपालाला विद्यापीठच नेमतं आणि मानधनही विद्यापीठच देतं, ही या व्यवस्थेतली कच्ची बाजू आहे. लीड्सच्या मित्राने सांगितलेलं कार्यालय बाहेरचं आहे, तिथे खरा फरक पडतो. तरी काहीच नसण्यापेक्षा हे बरं. आमच्या विभागात लोकपालाचं पत्र आलं की फाइल हलायची, हे मी पाहिलं आहे.

टीवाय_आर्ट्स

मी तिसऱ्या वर्षाला आहे. सगळ्यांचं वाचलं. पण एक विचारायचं आहे. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण आमच्याच विभागाच्या हातात असतात. मागच्या सत्रात एका मुलाने तक्रार केली तर सरांनी वर्गात सगळ्यांसमोर त्याला ‘नेते’ म्हणायला सुरुवात केली. प्रकल्पाला त्याला सगळ्यांत कमी गुण मिळाले. माझी शिष्यवृत्ती अजून आली नाही म्हणून परीक्षा अर्ज घेत नाहीत. तक्रार केली आणि माझे गुण गेले तर?

लाल_शाई

बाळा, तुझी भीती खोटी नाही. मी विभागात आहे, असं होताना पाहिलं आहे आणि त्याची लाज वाटते. तक्रार एकट्याने करू नकोस. शिष्यवृत्ती अडकलेले तुमच्या वर्गात आणखी असतील, सगळ्यांच्या सह्यांचा एकच अर्ज करा. दुसरं, आत्तापर्यंतच्या अंतर्गत चाचण्यांचे गुण, जमा केलेल्या प्रकल्पाच्या पहिल्या पानाचा तारखेसह फोटो, हे आताच जपून ठेव. पुढे गुण अचानक घसरले तर दाखवायला काहीतरी हवं.

आणि माझ्या सहकाऱ्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर त्यांना सांगतो, तक्रार करणाऱ्या मुलाचा प्रकल्प दुसऱ्या विभागातल्या परीक्षकाकडे द्यायला कुठलाही शासन निर्णय लागत नाही. विभागप्रमुखाने ठरवलं की झालं. आम्ही आमच्याकडे केलं आहे.

पांथस्थ

शिष्यवृत्तीचं कार्यालयातल्या माणसाकडून ऐक. महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी संकेतस्थळावर, तुझा अर्ज कुठे अडकला आहे ते तुझ्या खात्यात दिसतं. महाविद्यालयाच्या पातळीवर असेल तर लिपिकाने पुढे ढकललेला नाही. पुढे गेला असेल तर प्रश्न समाजकल्याणचा आहे आणि त्यापायी तुझा परीक्षा अर्ज अडवायचं काही कारण नाही. अर्ज कुठल्या टप्प्यावर आहे त्याची प्रिंट काढून सगळ्यांच्या अर्जाला जोडा. अर्ज प्राचार्यांच्या नावे, दोन प्रतींत, आवक विभागात द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. ‘ठेवून जा, बघतो’ म्हणाले तर निघू नका. पोच द्यायला नकार दिला तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने आणि ईमेलनेही पाठवा, विद्यापीठाच्या विद्यार्थी विकास विभागाला प्रत जोडून. परीक्षा अर्जाच्या शेवटच्या तारखेआधी हे झालं पाहिजे. तारीख कधीची आहे?

टीवाय_आर्ट्स

पुढच्या शुक्रवारी. आम्ही अकरा जण आहोत. उद्या देतो.

दीपाली_नाशिक

मीही सांगून ठेवते. वकीलसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे ईमेल केला, अधिसूचना जोडली, लोकपालांनाही प्रत पाठवली. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला, कागदपत्रं घेऊन जा. मुलीचा सरकारी प्रवेश वाचला. फीचं मात्र ‘प्रक्रियेत आहे’ एवढंच उत्तर आहे. समितीचे पंधरा दिवस या मंगळवारी संपतात, त्यानंतर अपील करणार आहे. त्याच खिडकीवर आणखी तिघा पालकांशी ओळख झाली, त्यांनाही हीच अधिसूचना पाठवली आहे.